अंगठा, उघडं तोंड आणि पुढे आलेले दात: नवख्या आईबाबांनी कुठून सुरुवात करायची

घरात चार वर्षांचं पोर अजून अंगठा तोंडात घालून झोपतंय, आजी म्हणते राहू दे गं सुटेल आपोआप, तुझा नवरा पण चोखायचा, आणि सोसायटीतली कोणीतरी म्हणते आमच्याकडे असंच सोडलं आणि आता तारा लावायला केवढे पैसे गेले. दोघींचंही खरं असू शकतं, कारण सगळा प्रश्न वय काय आणि दिवसाचे किती तास एवढ्यावर येऊन थांबतो. लहान मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम करताना रोज हेच बोलावं लागतं, म्हणून एकदा सलग लिहून टाकते.

आधी दात सरकतात कसे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. दात हाडात सिमेंटने बसवलेले नसतात. आतून जीभ आणि बाहेरून ओठ-गाल असा दोन्हीकडून हलका दाब चालू असतो, आणि त्या दोघांच्या मधे जिथे जमतं तिथे दात उभा राहतो. जोराचा पण क्षणभराचा दाब दाताला फारसा हलवत नाही, हलका पण तासन्‌तास राहिलेला दाब हलवतो, तारांचं कामसुद्धा याच तत्त्वावर चालतं. ढोबळ हिशेब असा सांगतात की दिवसाला साधारण सहा तास किंवा त्याहून जास्त दाब राहिला तर दात जागा सोडायला लागतात. म्हणजे टीव्ही बघताना दहा मिनिटं अंगठा घालणारं मूल आणि रात्रभर तोंडात ठेवून झोपणारं मूल यांची तुलनाच करू नका. आईबाबा दिवसभर हात ओढत बसतात आणि रात्री मात्र मूल झोपलंय ना शांत, मग कशाला उठवा म्हणून सोडून देतात, आणि तिथेच खरी गंमत होते.

अंगठ्याने नेमकं काय होतं? वरचे पुढचे दात बाहेर ढकलले जातात, खालचे आत झुकतात, आणि मधे अंगठा असल्यामुळे वरखालचे दात पूर्ण येऊन एकमेकांना भिडत नाहीत, समोर फट राहते. याला ओपन बाइट म्हणतात. पण लोकांच्या लक्षात न येणारा भाग वेगळाच आहे. अंगठा आत असला की जीभ टाळूला लागत नाही, खाली दबून राहते, आणि चोखताना गाल दोन्हीकडून आत दाबतात, त्यामुळे वरचा जबडा अरुंद होत जातो, टाळू उंच आणि निमुळती होते. मग वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायच्या त्या आतून बसायला लागतात, हा क्रॉसबाइट. पुढे आलेले दात सगळ्यांना दिसतात, हा मात्र आरसा घेऊन बघितल्याशिवाय दिसत नाही.

आठवडाभर नुसतं बघा

काही बोलू नका, ओरडू नका, हात ओढू नका. फक्त फोनमधे नोंद करा की अंगठा कधी जातो: भूक लागली की, झोप आली की, गाडीत कंटाळा आला की, शाळेतून आल्यावर, की कोणी रागावलं की. रात्री तुम्ही झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा बघून या, अंगठा आत आहे का बाहेर. बरीच मुलं झोप लागली की स्वतःच सोडतात, काही पूर्ण रात्र ठेवतात. तोंडात नुसता ठेवलाय की गाल आत ओढून आवाज करत चोखतंय हेही लिहा. ही नोंद घेऊन डॉक्टरकडे गेलात तर तिथली अर्धी प्रश्नोत्तरं वाचतात, खरंच.

मग बोट बघा आणि चावा बघा

आमच्याकडे मूल खुर्चीत बसलं की तोंड उघडायच्या आधी मी हात मागते. दहा बोटांपैकी एकच अंगठा इतरांपेक्षा स्वच्छ, पांढुरका, सुरकुतलेला, नख आखूड, आणि गाठीवर दात टेकून टेकून घट्टा पडलेला, असं दिसलं की आई कितीही म्हणाली आता फार कमी झालंय हो, तरी अंगठा वेगळं सांगत असतो. तुम्ही घरी हेच बघा.

चावा म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. तो बघायला मुलाला मागच्या दाढा घट्ट चावायला सांगा, ओठ बोटांनी बाजूला करा आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो काढा. समोर फट दिसते का? दिसली तर ती एका बाजूला जास्त आहे का? अंगठा ज्या बाजूने आत जातो तिकडे जास्त असते. वरचे-खालचे मधले दात एका रेषेत आहेत की खालचा जबडा एकीकडे सरकतोय? दर महिन्याला त्याच उजेडात तेच फोटो काढत राहा, कारण रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. अजून एक, मूल पेरू समोरच्या दातांनी तोडतं का, की तोंड वाकडं करून बाजूच्या दातांनी? ससा म्हणताना जीभ फटीतून बाहेर डोकावते का? या गोष्टी डॉक्टरला सांगण्यासारख्या असतात.

तोंडाआधी नाक

अंगठ्यापेक्षा मला जास्त काळजी उघड्या तोंडाची वाटते, कारण अंगठा दिसतो म्हणून त्यावर घरभर चर्चा होते आणि तोंड उघडं ठेवून झोपणारं मूल म्हणजे दमलंय बिचारं एवढ्यावर सुटतं. मूल तोंडाने श्वास घेत असेल तर तोंड सतत उघडं, जीभ खाली, गालांचा दाब वरच्या जबड्यावर, म्हणजे परिणाम बराचसा तोच: अरुंद जबडा, उंच टाळू, दातांची गर्दी, लांबट चेहरा, वरचा ओठ आखूड दिसणं. लाळ सुकते म्हणून हिरड्या लाल होतात आणि दात किडतात ते वेगळंच.

घरी बघण्याचे दोन साधे उपाय आहेत. मूल शांत बसलेलं असताना नाकाखाली छोटा आरसा आडवा धरा, वाफ आरशाच्या नाकाकडच्या बाजूला धरते की तोंडाकडच्या ते बघा. किंवा तोंडात घोटभर पाणी धरून ओठ मिटून मिनिटभर बसायला सांगा, खेळ म्हणून, तुम्हीपण बसा सोबत. नाक मोकळं असेल तर जमतं, नसेल तर मूल कासावीस होऊन पाणी गिळून टाकतं किंवा थुंकतं. याने निदान होत नाही, फक्त कोणाकडे आधी जायचं ते कळतं.

घोरणं, उशी लाळेने ओली, सकाळी ओठ सुकलेले आणि तोंडाला वास, बारा महिने सर्दी, सारखा कान दुखणं, यातलं काही असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. लहान मुलांत नाकाच्या मागे ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असणं किंवा धुळीची ॲलर्जी असणं खूप कॉमन आहे. ॲडेनॉइड मोठेपणी आपोआप आक्रसतं हे खरं, पण जबडा वाढायची वर्षं नेमकी तीच असतात, त्यामुळे थांबायचं की औषध की ऑपरेशन हे त्यांना ठरवू द्या. झोपेत श्वास मधेच थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होत असेल तर अजिबात वेळ काढू नका. नाक बंद असलेल्या मुलाला तोंड मिट तोंड मिट म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही, त्याने श्वास कुठून घ्यायचा? आणि रील बघून मुलाच्या तोंडाला रात्री टेप लावणारे आईबाबा हल्ली येतात, प्लीज तसलं काही करू नका.

वयाप्रमाणे घाई किंवा सबुरी

पोटातल्या बाळाचा अंगठा तोंडात असलेला सोनोग्राफीत दिसतो, म्हणजे चोखणं हा बिघाड नाही, बाळ जन्माला येतानाच ते घेऊन येतं. तीन वर्षांपर्यंत अंगठ्याच्या मागे लागू नका. बहुतेक मुलं दोन ते चारच्या मधे स्वतःच सोडतात.

रबरी चोखणी म्हणजे पॅसिफायर असेल तर ती वर्षानंतर फक्त झोपेपुरती आणि दोन-अडीच वर्षांपर्यंत घरातून बाहेर. चोखणीचं एक बरं असतं, ती हरवता येते, अंगठा हरवता येत नाही. चोखणी मधात किंवा साखरेत बुडवून देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, ती आजच बंद करा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध तसाही धोक्याचा असतो. दुधाची बाटलीसुद्धा वर्ष झालं की हळूहळू कपावर आणा. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे वरचे पुढचे दात ओळीने किडतात आणि ते अंगठ्यापेक्षा फार लवकर होतं.

तीन ते पाच हा सोडवायचा खरा काळ. मुलाला सांगितलेलं कळतं आणि तोंडात अजून दुधाचेच दात असतात, म्हणजे या काळात सुटलं तर पुढच्या दातांचा बराचसा बिघाड आपोआप भरून निघतो. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते, एकही दात न पडता येते म्हणून लोक तिलाही दुधाचीच समजतात. त्याच सुमाराला खालचे पुढचे दात बदलतात आणि सात-आठला वरचे. वरचे पक्के दात यायच्या आधी सवय सुटलेली असावी एवढं एकच लक्ष्य डोक्यात ठेवा, बाकी पुढेमागे झालं तरी चालतं.

सोडवायचं कसं

मूल जागं आणि मूडमधे असताना एकदा नीट बोला. आरशात त्याला त्याचे दात दाखवा, मधली फट दाखवा, अंगठा तिथे बरोब्बर कसा बसतो ते दाखवा, मुलांना हे भारी इंटरेस्टिंग वाटतं. मग विचारा, सोडायचंय का? नाही म्हणालं तर महिनाभर विषय काढू नका. हो म्हणालं तर पुढे जा. मुलाची तयारी नसताना केलेले उपाय टिकत नाहीत आणि मूल पांघरुणाच्या आत चोखायला शिकतं.

दिवसापासून सुरू करा. नोंदीत ज्या वेळा आल्यात त्या वेळी हाताला काम द्या: गाडीत असेल तर मऊ बॉल, टीव्हीसमोर असेल तर कणकेचा गोळा, भूक असेल तर आधी खायला. आठवण म्हणून अंगठ्याला रंगीत बँडेड लावा, मुलालाच निवडू द्या. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ज्या दिवशी अंगठा गेला नाही त्या चौकोनात स्टार, इतके स्टार झाले की ठरलेली गंमत, आणि बक्षीस लहान ठेवा, सायकलपासून सुरुवात केली तर पुढे काय देणार. ज्या दिवशी गेला तो चौकोन रिकामा राहू दे, फुली मारू नका. पाहुण्यांसमोर हा विषय नको. बघा ना एवढी घोडी झाली तरी अंगठा, हे वाक्य आत्या-काकांनी म्हटलं तर तुम्ही मधे पडा, कारण ताण वाढला की अंगठा पहिला तोंडात जातो.

दिवसाचं जमायला लागलं की रात्र. झोपताना हातात मोजा घाला, किंवा लांब बाहीच्या जुन्या नाईट ड्रेसच्या बाहीचं टोक शिवून टाका म्हणजे अंगठा बाहेरच येत नाही. काही मुलांना कोपराला इलॅस्टिकचं बँडेज सैलसर गुंडाळलेलं चालतं, हात सरळ असताना काही जाणवत नाही पण वाकवून तोंडाकडे नेला की ओढ बसते आणि झोपेतच हात खाली येतो. सैलसर म्हणजे आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, पंजा गार पडला किंवा रंग बदलला तर लगेच काढा. हे सगळं मुलाला सांगून, त्याच्या हो वर, अंगठ्याची पण झोपायची वेळ झाली असं म्हणत करायचं.

कडू लावण्याबद्दल हमखास विचारतात. कडुनिंबाचा पाला वाटून किंवा कोरफडीचा चीक लावणं आपल्याकडे जुनंच आहे, दुकानात कडू नेलपेंटही मिळतं. जे मूल स्वतः सोडायचं म्हणतंय आणि विसरून घालतंय त्याला आठवण म्हणून याचा उपयोग होतो. ज्याला सोडायचंच नाहीये ते चाटून पुसून परत सुरू करतं. मिरची मात्र कधीच नाही, तोच हात झोपेत डोळ्याला जातो, आणि तोंडाला चटका देऊन आपण मुलाला नेमकं काय शिकवतोय कोण जाणे.

दवाखान्यात

खरं तर दाताच्या डॉक्टरची पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या आसपास व्हायला हवी, पण ते आपल्याकडे क्वचितच होतं. निदान चार वर्षांनंतरही सवय चालू असेल, फोटोत फट किंवा क्रॉसबाइट दिसत असेल तर लहान मुलांच्या दातांच्या तज्ञाला म्हणजे पेडोडॉन्टिस्टला दाखवा, आणि सातव्या वर्षाच्या सुमाराला ऑर्थोडॉन्टिस्टला म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ञाला एकदा नुसतं बघायला दाखवा. तारा लावायला नाही, बघायला. खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं, इथे हे विभाग आहेत. रांग असते, सकाळी लवकर जा, मुलाचा डबा सोबत ठेवा.

घरचे उपाय मनापासून करून झाले, मूल सहाच्या पुढे आहे, त्यालाही सोडायचंय पण जमत नाही, अशा वेळी तोंडात बसवायचं उपकरण येतं. वरच्या दाढांना कड्या आणि पुढच्या दातांच्या मागे तारेची छोटी जाळी, अंगठा टाळूला लागत नाही त्यामुळे चोखण्यातली मजाच जाते. दुसऱ्या प्रकारात टाळूपाशी फिरणारा मणी असतो, मूल जिभेने तो फिरवत बसतं. पहिले काही दिवस लाळ गळते, बोलणं बोबडं येतं, जेवायला वेळ लागतो, मग सवय होते. सवय सुटल्यावरही ते काही महिने तसंच ठेवतात, सुटलंय म्हणून लगेच काढायचा हट्ट करू नका. जबडा अरुंद झालेला असेल तर तो रुंद करणारी तार यातच जोडता येते. डॉक्टरला दोन प्रश्न विचारा: क्रॉसबाइट आहे का, आणि नाक तपासून घ्यायची गरज आहे का. ऑनलाइन मिळणारे सिलिकॉनचे ट्रेनर, म्हणजे दातांवर घालून ठेवायचे मऊ साचे, स्वतःच्या मनाने मागवू नका, नाक बंद असलेल्या मुलाच्या तोंडात ते कोंबलं तर रात्री त्याचे हालच होतात.

सुटल्यावर काय सरळ होतं, काय नाही

समोरची फट वेळेत सवय सुटली तर बऱ्याच मुलांत काही महिन्यांत आपोआप कमी होत जाते, तुमच्या त्या महिन्याच्या फोटोंचा उपयोग इथे होतो. पुढे आलेले दात थोडे मागे येतात, पण खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसायला लागला असेल तर येत नाहीत, ओठच आतून ढकलत राहतो. असे पुढे आलेले दात खेळताना पडल्यावर सगळ्यात आधी तुटतात, हे शाळेच्या मैदानावर खूप बघायला मिळतं. क्रॉसबाइट सहसा आपोआप जात नाही. तो वाढीच्या वयात दुरुस्त करणं सोपं, कारण टाळूचा मधला सांधा तोवर पक्का झालेला नसतो, वयात आल्यावर तेच काम अवघड होत जातं.

फट असेल तर जीभही गिळताना तिथून पुढे येते. लोक याला जीभ ढकलायची सवय म्हणतात आणि सगळा दोष जिभेला देतात. आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो, पण प्रत्येक वेळी जीभ दाताला सेकंदभरच लागते, सगळं मिळून काही मिनिटं. त्यामुळे बऱ्याचदा फट आधी आणि जीभ नंतर असाच क्रम असतो, फट मिटली की जीभही मागे जाते. पण एरवी शांत बसलेलं असतानाही जीभ दातांच्या मधेच पडून असेल तर ते वेगळं, तिथे जिभेचे व्यायाम डॉक्टर शिकवतात.

आणि आठ ते अकरा या वयात वरच्या मधल्या दोन दातांत फट आणि दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात, ते दर वेळी सवयीमुळे नसतं. वरचे सुळे अकरा-बाराच्या सुमाराला खाली येताना ती फट बऱ्याचदा स्वतःच मिटवतात. आई किंवा बाबांचा जबडा लहान आणि दात मोठे असतील तर मुलाच्या दातांची गर्दी तिथूनही येते, त्यासाठी अंगठ्याला बोल लावू नका.

बाकीच्या सवयी थोडक्यात. नखं खाण्याने दातांची ठेवण फारशी बिघडत नाही, दातांच्या कडा झिजतात आणि पोटात जंत जातात. खालचा ओठ चोखणं मात्र अंगठ्याइतकंच मनावर घ्या. रात्री दात खाणं लहानपणी पुष्कळ मुलांत असतं आणि बहुतेकांचं वाढत्या वयात थांबतं, जंताच्या औषधाने ते जाईल म्हणून वाट बघू नका. किडलेली दुधाची दाढ पडणारच आहे म्हणून काढून मोकळं होऊ नका, विशेषतः सगळ्यात मागची. ती गेली की सहा वर्षांची पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाऊन टाकते. काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी तार, स्पेस मेंटेनर, लागेल का ते त्याच दिवशी विचारा.

सुटलेली सवय ताप आला, घरात नवीन बाळ आलं, शाळा बदलली की परत येते. आली तर रागावू नका, रात्री हातात पुन्हा मोजा घाला, कालनिर्णयचं नवीन पान सुरू करा. दुसऱ्या खेपेला बहुतेक मुलांचं पहिल्यापेक्षा लवकर सुटतं. दोन महिन्यांत नाहीच सुटलं तर फोटो घेऊन डॉक्टरकडे जा.